साखळी उचलून नेलेली जागा

माझ्या पाठीवर एक भाऊ आहे, म्हणजे दोघांत मी थोरली. तरी घरात मला सगळे धाकटी म्हणत. लहानपणी यात काही चुकतंय असं वाटलं नाही. शाळेत बेरीज-वजाबाकी नीट यायला लागली तेव्हा मात्र एकदा आईला विचारलं, की मी धाकटी तर थोरली कोण? आई तांदूळ पाखडत होती. "तुझ्या आधी एक होती," म्हणाली आणि सूप पुन्हा हलवायला लागली.

एवढंच. तिचं नाव मी विचारलं नाही आणि आईने सांगितलं नाही. पुढे कळलं की दात यायच्या आधीच ती गेली होती, आणि माझी झबली खरं तर तिच्यासाठी शिवलेली होती. अजून न आलेल्या थंडीसाठी थोडी मोठीच बेतलेली. ती मी वापरली. त्या वयात मला याची भीती वाटायची, नंतर राग यायचा, आणि आता पन्नाशी ओलांडल्यावर दोन्ही वाटतं. मेलेल्या माणसाच्या मागे नंबर लावून जन्माला येणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

दात न आलेल्या मुलाला अग्नी देत नाहीत, पुरतात. आमच्याकडे शेतात पुरत. आमचं शेत हडपसरच्या पलीकडे, तेव्हाच्या गावात, आताच्या महापालिकेत. अक्षय तृतीयेला आई सकाळीच पाण्याचा तांब्या घेऊन एकटी शेतात जायची. एकदा मी हट्टाने तिच्यामागे गेले. ऐन उन्हाळा, ढेकळं पायाला टोचत होती, सगळं रान कोरडं ठाक. विहिरीपासून बांधाने बरंच चालल्यावर आई थांबली. समोर जमिनीवर ताटाएवढी जागा ओली होती. आसपास ना पाट, ना झाड, ना माणूस. आईने त्याच ओल्यावर आपला तांब्या ओतला.

परतताना मी तोंड उघडलं तर ती म्हणाली, "बोलू नकोस. दरवर्षी असतं." रात्री मी तिला बिलगून झोपले. कित्येक दिवस मला वाटत होतं की जमिनीखाली कुणी तरी रडतंय आणि ते वर झिरपतंय. हे आज लिहिताना हसू यायला हवं, पण येत नाही.

पुढे मी क्षेत्रफळाच्या धंद्यात पडले. खराडीत एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशांवरची क्षेत्रफळं काढणं हे माझं काम. शेतकरी गुंठ्यात बोलतो, सातबारा आरमध्ये, महापालिका चौरस मीटरमध्ये आणि फ्लॅट घेणारा चौरस फुटांत. चौघंही एकाच जमिनीबद्दल बोलत असतात, पण चौघांनाही एकमेकांचा संशय असतो. मग मधे मी लागते. खरं तर त्यात अवघड काही नाही. तेहेतीस फूट लांब आणि तेहेतीस फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. गुंठ्याचे पुन्हा सोळा आणे. आर म्हणजे शंभर चौरस मीटर, गुंठ्याहून किंचित लहान. इतका किंचित, की गावात बहुतेक लोक आर आणि गुंठा एकच धरतात आणि सुखाने जगतात. ऑफिसातल्या नव्या मुलांना आणे सांगितले की ती माझ्याकडे पुराणवस्तू असल्यासारखी बघतात. बघू देत.

आमच्या त्या शेताला आम्ही विहिरीची पट्टी म्हणायचो. वडील आणि थोरले चुलते, दोघांचं सामाईक. घरात बोलताना ती कायम साडेएकोणचाळीस गुंठे. सातबाऱ्यावर मात्र साडेचाळीस आर. म्हणजे आर आणि गुंठा एकच धरणाऱ्यांच्या हिशेबाने एकाचा फरक. कुणी विचारलं तर वडील म्हणत, "मेट्रिकमुळं." सरकारने एकर-गुंठ्यांचं हेक्टर-आर केलं तेव्हा आकडे थोडे हलले, हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे या उत्तरावर कधी कुणी अडलं नाही.

मी अडले, कारण मला दुसरं काही येत नाही. नोकरीला लागल्यावर एकदा सहज हिशेब केला. साडेएकोणचाळीस गुंठ्यांचे आर केले तर चाळीसच्या आसपास येतात. साडेचाळीस येत नाहीत. म्हणजे फरकातला अर्धा मेट्रिकचा, आणि उरलेला अर्धा कुणाचाच नाही. अर्धा गुंठा जमीन घरच्यांच्या तोंडी नव्हती आणि सातबाऱ्यावर होती. वडिलांना दाखवलं तर त्यांनी कागद हातात न घेता म्हटलं, "राहू दे. त्यात डोकं घालू नकोस." वडील असं तोडून बोलत नसत. म्हणून ते लक्षात राहिलं.

वडील गेले, चुलतेही गेले. भाऊ बंगळूरला स्थायिक झाला आणि जे काय ठरेल त्याला फोनवर हो म्हणायला लागला. मी लग्नानंतर लगेच हक्कसोडपत्रावर सही केली होती, आमच्याकडच्या सगळ्या मुली करतात तशी, पेढा खाऊन. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी चुलतभावाने पट्टी बिल्डरला विकसनाला द्यायचं काढलं तेव्हा माझा त्यात कागदोपत्री काही संबंध नव्हता. पण आई माझ्याकडे राहते, आणि नकाशे मला कळतात, म्हणून चुलतभाऊ सगळं मला दाखवायचा. तो माझ्याहून मोठा, मी त्याला दादा म्हणते.

मोजणी झाली. पूर्वीसारखी साखळी नाही, मशीन. कोपऱ्याकोपऱ्यांवर काठी टेकवत माणसं फिरली आणि घटकेत झालंसुद्धा. क्षेत्र पूर्ण चाळीस गुंठे भरलं. "बघ धाकटे," दादा म्हणाला, "आपल्या म्हाताऱ्यांना धड मोजता पण येत नव्हतं." तो खूश होता. मीही संध्याकाळी घरी येऊन आईला तशाच उत्साहात सांगितलं की पट्टी चाळीस भरली.

आई लसूण सोलत होती. तिचे हात थांबले.

"चाळीस?" ती म्हणाली. "म्हणजे तिलापण मोजली त्यांनी."

मी तिच्यासमोर तशीच खाली बसले. हातातली पर्स खाली ठेवायचंही सुचलं नाही.

मग तिने सांगितलं. थोरली गेल्यावर वर्षभराने वडील आणि चुलत्यांमध्ये जमिनीच्या वाटण्या ठरवायच्या म्हणून आजोबांनी स्वतः पट्टी मोजली होती. आई भाकरी घेऊन गेली होती आणि बांधावर उभी होती. लोखंडी साखळी, दोन्ही टोकांना दोन माणसं, आणि आजोबा मोठ्याने आकडा पुकारत होते. एकेक साखळी रुंदीचा पट्टा धरून मोजणी चालली होती. बांधालगतच्या पट्ट्यात विहिरीपासून एक झाली, दोन झाल्या, तीन झाल्या. मग आजोबांनी हात वर केला. माणसांनी साखळी जमिनीवरून उचलली, तशीच अधांतरी धरून पुढे नेली आणि पलीकडे टेकवली. तिथून आजोबांनी पुढचा आकडा पुकारला. मधली जागा कुणी मोजली नाही. कुणी विचारलं नाही.

"मामंजी माझ्याशी आयुष्यात चार शब्द नीट बोलले नसतील," आई म्हणाली. "पण माझ्या लेकीवरनं त्यांनी साखळी नेली नाही. त्या एका गोष्टीवर मी या घरात निभावलं."

तर तो अर्धा गुंठा हा होता. आठ आणे. वडिलांनी मला डोकं घालू नकोस म्हटलं ते यासाठी.

"आता तिथं काय येतंय?" आईने विचारलं.

मी लॅपटॉप उघडला. नकाशा मीटरमध्ये, आईची खूण साखळीत. आधी सवयीने कॉलेजात शिकलेली वीस मीटरची साखळी धरली, तर जागा इमारतीच्या मधोमध, जिन्याखाली आली. मनाला पटेना. मग लक्षात आलं, आजोबांची साखळी गावची, गुंठ्याची, तेहेतीस फुटी. तिच्या हिशेबाने तीन साखळ्या म्हणजे नव्व्याण्णव फूट, तीस मीटरला थोडं वर. विहीर नकाशात होतीच. तिथून मोजलं आणि बोट जिथे थांबलं तिथे लिहिलं होतं, सांडपाण्याची टाकी.

मी दहा वेळा तरी ते वाचलं असेल. इमारतीखाली आलं असतं तर एक वेळ खांबांच्या मधे राहिलं असतं. टाकी म्हणजे खोल खोदकाम, पोकलेन, डंपर. जे काही तिथे असेल ते मुरमाबरोबर उचलून कुठल्या तरी रस्त्याच्या भरावात जाणार होतं.

आईला मी खोटं सांगू शकले असते. पण ती माझ्या चेहऱ्याकडेच बघत होती. मी सांगितलं. ती लसूण तसाच ठेवून उठली. त्या दिवसापासून तिचं जेवण कमी झालं. दुपारी डोळा लागला की दचकून उठायची आणि विचारायची, "खणायला लागले का?" माझंही काही वेगळं नव्हतं. ऑफिसात दुसऱ्यांच्या टाक्या दिसल्या तरी मी तो नकाशा बंद करायचे. जिच्या झबल्यांत मी वाढले, तिला उकरायचा नकाशा माझ्या लॅपटॉपमध्ये होता.

दादाला फोन केला. त्याने ऐकून घेतलं, आणि मग आमच्याकडचा तो खास सूर लावला. "ताईसाहेब, टाकी हलवायची म्हणजे नकाशा परत मंजुरीला. पन्नास वर्षांनी तिथं काय राहिलंय? माती. काकूला समजाव, एखाद्या देवळात पाळणा दे म्हणावं." पायाभरणीचा मुहूर्त ठरला होता. त्याआधी काही झालं तर झालं, नाही तर नाही.

मी आईला रिक्षात घालून त्याच्या घरी गेले. नकाशाची प्रिंट घेतली होती. त्यावर ती जागा लाल पेनाने चौकट करून दाखवली होती, की निदान डोळ्यांनी बघू दे. घरी दादा होता आणि त्याची आई, म्हणजे माझी थोरली चुलती. तिला मी मोठी आई म्हणते. नव्वदीच्या घरात आहे, कमरेत वाकलेली, पण कान शाबूत. आई आणि मोठी आई, दोघी जावा पन्नास वर्षं एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे राहिल्या. वैर नव्हतं, जिव्हाळाही नव्हता. सणाला वाटी इकडून तिकडे जायची, तेवढंच.

मी प्रिंट पसरली आणि दादाला समजावायला लागले. बांधालगतचा पट्टा एक साखळी रुंद. त्यातली अर्धी साखळी आजोबांनी सोडली. म्हणजे तेहेतीस फूट बाय साडेसोळा फूट. पाचशे चव्वेचाळीस चौरस फूट. अख्ख्या प्लॉटमध्ये ही एवढीशी जागा आहे, टाकी पलीकडच्या कोपऱ्यात सरकवली तरी...

"किती?" आईने मधेच विचारलं.

"पाचशे चव्वेचाळीस फूट. अर्धा गुंठा."

"असं नको. दाखव."

मी उठून दाखवलं. दादाचा हॉल, पुढची गॅलरी आणि स्वयंपाकघर, एवढं सगळं मिळून. आई त्या सगळ्याकडे बघत राहिली. मग तिने आपला उजवा हात पुढे केला आणि डाव्या हाताने बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत दाखवलं.

"एवढीशी होती गं ती," ती म्हणाली. "तिला एवढी जागा कशाला सोडली?"

मी इतकी वर्षं फुटांचे मीटर आणि गुंठ्यांचे आर करत आले, आणि हा प्रश्न मला पडला नव्हता. साडेसोळा फूट कशाचे? एका तान्ह्या मुलीसाठी आजोबांसारखा माणूस, जो बांधाच्या वितीसाठी शेजाऱ्याशी भांडायचा, तो अर्धा गुंठा सोडेल?

मोठी आई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती, तिने पदर तोंडावर घेतला.

"ती एकटी न्हाय तितं," ती म्हणाली.

दादा म्हणाला, "आई, काय बोलतेस?"

"माझी दोन हायेत. तुझ्या आधीची. एक पोरगा, एक पोरगी. आन आत्याबाईंचं एक. त्येच्या आधीचं काय मला ठावं न्हाय." आत्याबाई म्हणजे तिची सासू, माझी आजी. "मामंजींनी म्हनूनच तेवढी सोडल्याली. समद्यास्नी पुरंल अशी."

आईने विचारलं, "बाई, मला कधी बोलला नाहीत?"

"तू लगीन होऊन आलीस आन लगोलग पोटुशी ऱ्हायलीस. पोटुशीम्होरं असलं बोलायचं नसतंय. मंग तुझी बी गेली. तवा काय बोलू? मला वाटलं, माझ्याच नजरंनं गेली म्हनशील. मंग ऱ्हाऊनच गेलं." पदर सावरत ती म्हणाली, "आकितीला मी दिस उगवायच्या आत जायाची. तू यायच्या आदी पानी सोडून यायाची. तुला कळू न्हाय म्हनून."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. ताटाएवढी ती ओली जागा दोघींच्या डोळ्यांपुढे असणार. मी लहानपणी ज्याला भिऊन आईला बिलगून झोपले होते, ते मोठ्या आईच्या तांब्याचं पाणी होतं. आईने तर त्या ओलीचा आधार घेतला होता. मुलगी आपली वाट बघते, अशी तिची समजूत होती, हे तिने मला रिक्षात परतताना सांगितलं. ती समजूत त्या दुपारी गेली. मला त्या क्षणी मोठ्या आईचा रागच आला, खरं सांगायचं तर. पण आई सरकत सरकत तिच्याजवळ गेली आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवून बसली. दोघी रडल्या नाहीत. एकमेकींकडे बघितलंही नाही. आई म्हणाली, "मला वाटायचं, एकटीच पडली आहे तिथं. अंधारात."

"न्हाय गं," मोठी आई म्हणाली. "माझी हायेत की संगं."

दादा नकाशावरच्या लाल चौकटीकडे बघत बसला होता. आपण घरातले थोरले, असं त्यानेही जन्मभर धरलं होतं. त्याने प्रिंटची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग मला विचारलं, "टाकी पलीकडं घेतली तर उतार बसतो का?" आवाज त्याचा नव्हता. बसतो म्हटलं. त्यानंतर त्याने बिल्डरशी काय भांडण केलं ते मला माहीत नाही, पण मुहूर्त पुढे गेला आणि सुधारित नकाशा आला. त्यात त्या ठिकाणी आता मोकळी जागा आहे. हिरवळ, म्हणे. वर बाक नको, झोपाळा नको, एवढं दादाने लिहून घेतलं.

नकाशा आला त्या संध्याकाळी आईला तिच्या खोलीत जाऊन दाखवला. तिला रेषा कळत नाहीत, पण तिने त्या चौकटीवर बोट फिरवलं.

"यात माझीला किती आली?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"वाटणी केली तर."

मला हसायचं होतं, पण तिचा चेहरा बघून हिशेब केला. आठ आणे, त्यात ठाऊक असलेली चार मुलं. "दोन आणे," मी म्हटलं.

"सारखे? पोरगी म्हणून कमी नाही?"

"सारखे."

आमच्या घराण्यात मी सही केली, माझ्या आत्यांनी केली, चुलतबहिणींनी केली. जमिनीत वाटा मिळालेल्या मुली म्हणजे ही आणि मोठ्या आईची, याच पहिल्या. त्यांच्याकडून सही घ्यायला कुणाला सुचलं नाही.

"दोन आणे म्हणजे केवढं गं?"

मी खोलीकडे बघितलं. दहा फूट बाय साडेतेरा. एकशे छत्तीस फुटांना फूटभर कमी. "ही तुझी खोली आहे ना," मी म्हटलं, "एवढं."

आई पलंगावर बसून खोली बघत राहिली. कपाट, खिडकी, देवाचा फोटो, दारामागचा स्टूल. दुसऱ्याच्या घरात आल्यासारखी बघत होती. मग "बरी आहे," एवढंच म्हणाली आणि पाय वर घेतले.

तेव्हापासून आई पलंगाच्या मधे झोपत नाही. बाहेरच्या कडेला, अगदी काठावर झोपते. पडशील म्हणून मी रोज सांगते, ती हो म्हणते, आणि सकाळी बघावं तर पुन्हा तशीच. भिंतीकडची बाजू मोकळी असते, चादरीला सुरकुती नसते. तान्ह्याला आमच्याकडे नेहमी भिंतीकडे घेतात.